लेसोथोची टेपेस्ट्री एवढी महाग का? बकरीच्या पाठीपासून भिंतीपर्यंतचा हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी तो टॅरिफचा भलामोठा तक्ता हातात धरून दाखवला ना, त्यात एका देशापुढे ५० टक्के लिहिलं होतं. चीनपेक्षा जास्त, व्हिएतनामपेक्षा जास्त. तो देश म्हणजे लेसोथो. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकी काँग्रेसपुढच्या भाषणात त्यांनीच म्हटलं होतं की या देशाचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. आम्ही दोघं जोहान्सबर्गला राहतो, लेसोथो आमच्या शेजारी, त्यामुळे भारतातल्या फॅमिली ग्रुपवर लगेच प्रश्न सुरू झाले, हा देश आहे तरी कुठे, तिथे काय पिकतं आणि अमेरिकेचं त्याने काय घोडं मारलंय.

पुढे एका लाँग वीकेंडला आम्ही तिथल्या तेयातेयानेंग या गावी जाऊन आलो. नाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून तिथे सगळे सरळ टीवाय म्हणतात. विणकामाचं गाव आहे, भिंतीवर लावायच्या टेपेस्ट्र्या, गालिचे, पिशव्या असं सगळं हाताने विणतात. तिथे एका टेपेस्ट्रीवरची किंमत बघून नवरा हळूच म्हणाला, "अगं, एवढ्यात आपला सोफा येईल." त्यावर गाडीत परत येईपर्यंत आमची जी चर्चा, खरं तर भांडण, झाली आणि नंतर मी जे काय वाचलं, त्यातून हा लेख झालाय.

आधी ५० टक्क्यांचं निपटवू

लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे, समुद्र नाही, आणि अख्खा देश १४०० मीटरच्या वर. आपल्या महाबळेश्वरच्या उंचीला यांचा सगळ्यात सखल भाग सुरू होतो असं समजा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दहाव्या भागाएवढं, लोकसंख्या तेवीस लाखांच्या आसपास.

२०२४ मध्ये अमेरिकेने लेसोथोकडून सुमारे २३७ दशलक्ष डॉलरचा माल घेतला, आणि लेसोथोने अमेरिकेकडून घेतला जेमतेम २.८ दशलक्षचा. अमेरिकेने सूत्र असं लावलं की फरक भागिले आयात, आणि आलेल्या उत्तराचं निम्मं. म्हणजे २३४ भागिले २३७, जवळपास ९९ टक्के, त्याचं निम्मं ५०. झालं. त्यात लेसोथोची काही लबाडी नव्हती, गरीब देशाला अमेरिकी माल परवडत नाही एवढाच त्याचा अर्थ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा १५ टक्क्यांवर आला, पण तोवर ऑर्डरी थांबल्या होत्या आणि जुलैमध्ये सरकारने बेरोजगारीमुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती.

आता गंमत अशी की हा जो अमेरिकेला जाणारा माल, तो मुख्यतः जीन्स आणि टी-शर्ट. राजधानी मासेरू आणि मापुत्सोए या शहरांतल्या मोठाल्या शेडमध्ये मशीनवर शिवला जाणारा, मालक बहुतेक परदेशी, कापडही बरंचसं बाहेरून आणलेलं. टीवायचं विणकाम ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बातम्यांमध्ये दोन्ही "लेसोथो टेक्स्टाइल" या एकाच नावाखाली येतं, म्हणून गोंधळ होतो.

मोहेर म्हणजे नक्की काय

टीवायच्या टेपेस्ट्र्या विणतात त्या मोहेरच्या धाग्याने. मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या बकरीचे केस. अंगोरा लोकर म्हणून जे विकतात ते सशाचं असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि पश्मिना लडाखकडच्या बकरीचा, तो याच्यापेक्षा कितीतरी बारीक, १२ ते १६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोहेर करडाचं असेल तर २५ मायक्रॉनच्या आसपास आणि म्हाताऱ्या बकरीचं ३५-४० पर्यंत जातं, म्हणून करडाचं मोहेर स्वेटरला आणि म्हाताऱ्या बकरीचं गालिच्याला.

मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, म्हणून स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटतो. मोहेरचे खवले चपटे, जवळजवळ गुळगुळीत. त्यामुळे ते सहसा आटत नाही, त्यावर उजेड पडला की चमकतं, आणि रंग पकडतं तो असा पकडतं की बघत राहावं. टीवायच्या दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते रंगच, आणि मला आधी वाटलं की यात काहीतरी सिंथेटिक मिसळलंय.

या बकऱ्या मूळच्या तुर्कस्तानच्या, अंकाराच्या भागातल्या. आफ्रिकेत त्या १८३८ मध्ये आल्या आणि त्याची जी गोष्ट सांगतात ती भारी आहे. तुर्कांना आपला धंदा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी डझनभर बोकड पाठवले ते सगळे निकामी करून. पण सोबत पाठवलेली एकुलती एक बकरी गाभण होती, तिने जहाजावरच पिल्लू दिलं. आज जगातलं निम्म्याच्या आसपास मोहेर दक्षिण आफ्रिकेत होतं आणि दुसरा नंबर धरतात तो या चिमुकल्या लेसोथोचा.

मग बकऱ्या यांच्या, तरी पैसा का नाही?

खरी मेख इथे आहे, जरा सावकाश बघू.

लेसोथोत बकऱ्या कुणा एका बड्या फार्मवाल्याच्या नसतात. गावोगावच्या घरांकडे थोड्या थोड्या असतात, उन्हाळ्यात गुराखी पोरं त्यांना घेऊन वर डोंगरात जातात, तिथे दगडी झोपडीत महिनोन्‌महिने राहतात. वर्षातून दोनदा केस कापता येतात, कारण ते महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतात. कापणी शेडमध्ये होते, तिथेच प्रतवारी, म्हणजे बारीक वेगळं, जाड वेगळं, लांब वेगळं, आणि केम्प असेल तर भाव उतरला. केम्प म्हणजे मोहेरमध्ये मिसळलेले जाड, पांढरट, कुसळासारखे केस, ज्यांना रंग नीट चढत नाही. कापणीनंतर लगेच थंड पाऊस आला तर उघडी पडलेली बकरी रात्रीत मरते, तेही धरा हिशोबात.

मग गठ्ठे बांधले जातात आणि माल देशाबाहेर जातो. परंपरेने तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट एलिझाबेथला जातो, त्या शहराचं नाव आता गेबेरा झालंय, तिथल्या लिलावात विकला जातो. तिथून धुऊन, विंचरून इटली, चीन, जपानकडे, तिथे सूत, सुताचं कापड, कापडाचा सूट. आणि तो सूट मिलानच्या शोरूममध्ये ज्या भावाला लागतो तो बघितला तर वर डोंगरात बसलेल्या त्या पोराच्या वाट्याला काय येतं ते सांगायला नको. किंमत वाढते ती प्रत्येक पुढच्या पायरीवर, आणि पहिली पायरी सोडून बाकी सगळ्या पायऱ्या देशाबाहेर.

टीवायमध्ये जे चालतं ते यालाच अपवाद आहे. मोहेर घ्यायचं, काही ठिकाणी तर धुणं, पिंजणं, चरख्यावर सूत काढणं, रंगवणं हेही तिथल्या तिथेच, आणि मग विणून थेट भिंतीवर लावायची वस्तू विकायची. मधल्या पायऱ्याच गायब. एकूण मोहेरपैकी या मागांवर येतं ते अगदी चिमूटभर असेल, पण त्या चिमटीतली कमाई गावातच राहते.

सरकारने सक्ती का नाही केली मग, की इथेच विका?

केली होती. २०१८ मध्ये नियम आणला की लोकर आणि मोहेर परवाना घेऊन देशातच विकायचं, बाहेरच्या दलालांकडे न्यायचं नाही. कागदावर किती छान वाटतं! पण लिलावाची जुनी घडी मोडली आणि नवी बसली नाही, शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. २०१९ च्या जूनमध्ये हजारो शेतकरी मासेरूत मोर्चा घेऊन आले आणि पुढे सरकारला नियम सैल करावे लागले. आपल्याकडे कांदा निर्यातबंदी पाहिलेल्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. कच्चा माल देशात अडवला म्हणून कारखाना आपोआप उभा राहत नाही. मोहेर धुवायला भरपूर पाणी, सांडपाण्याची सोय आणि कातायला महागडी मशिनरी लागते, आणि ती वर्षभर चालेल इतका माल व ऑर्डरही.

विणायला एवढा वेळ का लागतो

हे मराठी माणसाला सांगायला सोपंय, कारण पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात.

साध्या कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा म्हणजे बाणा, आणि बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो, फटाफट. टेपेस्ट्रीत तसं नाही. मोराच्या मानेचा निळा धागा फक्त मानेपुरताच जातो आणि तिथूनच मागे वळतो, शेजारचा हिरवा आपल्या हद्दीत फिरतो, म्हणजे एका ओळीत दहा रंग असतील तर दहा वेगळ्या कांड्या. येवल्याला पैठणीचा माग बघितला असेल तर हे डोळ्यासमोर येईल. फरक इतकाच की पैठणीत रेशमी ताणा दिसतो, इथे सुती ताणा उभ्या मागावर ताणून बांधलेला असतो आणि मोहेरचा बाणा ठोकून ठोकून इतका घट्ट बसवतात की ताणा पार झाकला जातो. चित्र म्हणजे सगळं आडव्या धाग्याचंच. वरून रंगवलेलं नाही की भरतकामही नाही.

दोन रंग उभ्या रेषेत भेटले की तिथे फट पडते, मग ते धागे एकमेकांत अडकवा किंवा नंतर शिवा. तिरकी रेष असेल तर हा त्रास कमी, ती पायरी-पायरीने सरकते. त्यामुळे डोंगराच्या उतारापेक्षा झोपडीची भिंत आणि दार विणणं जास्त किचकट, आणि या टेपेस्ट्र्यांमध्ये झोपड्या ढीगभर असतात! गोल झोपड्या, डोक्यावर घडा घेतलेल्या बायका, गुरं, मक्याची शेतं, मागे निळे-जांभळे डोंगर. मोठं काम असेल तर दोघी-तिघी एका मागावर शेजारी बसतात.

यावर नवऱ्याचा प्रश्न होता की मशीनवर का नाही करत. मशीनवर टेपेस्ट्रीसारखं दिसणारं कापड होतं ना, जॅकार्ड नावाच्या यंत्रावर, ढिगाने होतं, सोफ्याच्या कव्हरवर तेच असतं. पण त्यात सगळे रंग मागच्या बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतात, फक्त लागेल तिथे वर काढलेले. उलटून बघितलं की कळतं. आणि मशीन आणलं की लेसोथोला चीनशी भावात स्पर्धा करावी लागेल, जी ते पहिल्याच दिवशी हरतील. टेपेस्ट्रीच्या किमतीतला मोठा वाटा मजुरीचा आहे, मोहेरचा नाही, आणि माझ्या मते तो तसाच असायला हवा.

हे सगळं बायकाच का करतात

टीवायमधल्या सहकारी संस्थांची नावं बघा, हातूआ मोसे मोसाली, हेलांग बासाली, एलेलोआंग बासाली. मोसाली म्हणजे बाई, बासाली म्हणजे बायका. योगायोग नाही तो.

विसाव्या शतकात लेसोथोचे पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत कामाला जायचे, १९८० च्या दशकाच्या अखेरीला लाखाच्या वर होते. घर, शेत, म्हातारी माणसं सगळं बाईवर. आणि कायदा काय होता, तर लग्न झालेली बाई कायद्याच्या दृष्टीने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलासारखी, कर्ज काढायला, करार करायला नवऱ्याची संमती हवी. हे बदललं २००६ च्या कायद्याने. हो, २००६! नवरा खाणीत शेकडो किलोमीटर लांब आणि सही त्याचीच लागणार, यात बाईने करायचं काय? मग चार बायकांनी मिळून माग टाकायचा आणि संस्थेच्या नावाने विकायचं, हा त्यातल्या त्यात सुचलेला मार्ग. नंतर खाणींनी माणसं कमी केली, पुरुष घरी परतले ते रिकाम्या हाताने, आणि मागावरची मिळकत अनेक घरांना आणखीनच गरजेची झाली.

एलेलोआंग बासालीची इमारत रिकाम्या डब्या-कॅन भिंतीत रचून बांधलेली आहे, गावातून उत्तरेकडे जाताना मेन रोडवरच, चुकत नाही. तिथे विणणाऱ्या बायकांच्या मागे उभं राहून बघू देतात, पण फोटोसाठी आधी विचारा.

"पण ही त्यांची खरी परंपरा नाहीच म्हणे"

बरोबर आहे, नाही. टेपेस्ट्री विणकाम इथे १९६० च्या दशकापासून रुजलं, मिशनरी आणि बाहेरून आलेल्या लोकांच्या पुढाकाराने. जुनं काय म्हणाल तर गवताचं विणकाम, मातीची भांडी, आणि लिटेमा, म्हणजे घराच्या भिंतीवर ओल्या लेपात बोटांनी किंवा काट्याने ओढलेली नक्षी, तीही बायकांचीच. गवताची ती शंकूसारखी टोपी, मोकोरोत्लो, २००६ पासून त्यांच्या झेंड्यावर आहे.

आणि ज्याला सगळे सगळ्यात अस्सल समजतात ते बासोथो, म्हणजे लेसोथोच्या लोकांचं, ब्लँकेट? घोड्यावर बसून खांद्यावर पांघरलेलं, फोटोत बघितलं असेल. ते १८६० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने राजा मोश्वेश्वे पहिला याला दिलं तिथून सुरू झालं, बराच काळ इंग्लंडच्या गिरण्यांतून यायचं आणि आता दक्षिण आफ्रिकेत रँडफोंटेनच्या अरांडा मिलमध्ये बनतं. टीवायमध्ये ते कुणी विणत नाही. आम्ही निघताना मला वाटत होतं ब्लँकेट तिथूनच आणू, मग कळलं की ते आमच्या घरापासून तासाभरावर तयार होतं. तरी ते त्यांचंच आहे, कारण लग्नाला कुठलं, बाळंतपणाला कुठलं, रेघा कोणत्या दिशेने ठेवायच्या हे सगळं त्यांनी ठरवलंय. आपल्या जेवणातली मिरची आणि बटाटा पोर्तुगिजांबरोबर आले म्हणून वडापाव परका होत नाही.

बकऱ्यांचा छळ होतो त्याचं काय

हा प्रश्न योग्य आहे. २०१८ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेने दक्षिण आफ्रिकेतल्या मोहेर फार्मचे व्हिडिओ बाहेर काढले, बकऱ्यांना फरफटवणं, कापताना जखमा, ते बघवत नाही. एच अँड एम, झारा, गॅपने मोहेर बंद करू असं जाहीर केलं. त्यानंतर २०२० मध्ये मोहेरसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आलं, प्राण्यांची आणि जमिनीची काळजी कशी घ्यायची याचं, आणि तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं.

मला स्वतःला मात्र बकऱ्यांपेक्षा त्यांच्यामागच्या पोरांचं जास्त वाटतं. लेसोथोत २००० पासून प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत झालं, २०१० मध्ये सक्तीचंही झालं, तरी डोंगरात बकऱ्यांमागे फिरणारी मुलं दिसतातच. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मोहेरवर बहिष्कार टाकला तर मुलं शाळेत जातील असं समजणं भाबडं आहे, घरात पैसाच कमी येईल. जास्त चराईने डोंगर उघडे पडतात, मोठमोठ्या घळी पडतात, हेही रस्त्यावरून साध्या डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे टेपेस्ट्री घेतली म्हणजे पुण्य केलं असा काही भाव खायचं कारण नाही.

घ्यायची असेल तर

टीवाय मासेरूपासून चाळीसेक किलोमीटर, जोहान्सबर्गकडून फिक्सबर्गच्या बॉर्डरने आलं की सोयीचं पडतं. राहायला गावात ब्लू माउंटन इन आहे. एक दुपार मागांसाठी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 'हा कोमे' नावाच्या ठिकाणच्या गुहा बघा, मोठ्या कातळाच्या पोटाखाली मातीची घरं, एकोणिसाव्या शतकात लढाया आणि नरभक्षकांपासून लपायला लोक तिथे आले आणि त्यांचे वंशज अजून राहतात. माझ्या मते टीवायपेक्षाही ते बघायला जावं, पण नवऱ्याला माग जास्त आवडले, त्याचं इंजिनिअरिंग डोकं.

चलन लोटी, अनेकवचन मालोटी, दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेलं. रँड तिथे सगळीकडे चालतो पण मालोटी दक्षिण आफ्रिकेत चालत नाहीत, तेव्हा सुटे मालोटी हातात आले तर तिथेच संपवा. दोन्ही देश एकाच कस्टम्स युनियनमध्ये असल्याने टेपेस्ट्री इकडे आणायला ड्युटी नाही.

धागा प्राण्याच्या केसाचा आहे की सिंथेटिक हे बघायचं तर सुटा धागा मागून घ्या आणि जाळा. खरा असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो. सूत कुठून घेता, कुणी कातलं हे विचारा, बायका भरभरून सांगतात. घासाघीस करू नका असं मी सांगणार होते, पण करायचीच तर निदान मागावर बसलेल्या बाईसमोर करू नका. परवडत नसेल तर छोटे कोस्टर, बुकमार्क, पर्स असतात, आम्ही शेवटी मधल्या आकाराची एक घेतली, झोपड्यांची, सोफा राहिला पुढच्या वर्षावर.

घरी आणल्यावर घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, कडक उन्हासमोर टांगू नका. आणि कसर लागते हां, लोकरीला लागते तशीच, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी उतरवून मागची बाजू झटका.